कार्डाचा दोष

४ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस आणि निरोप तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून शेवटी कागद घेतला. पत्ता तुझ्या जुन्या मित्राकडून काढला. त्याला बोल लावू नकोस. त्याच्या आईची औषधं माझ्याच काउंटरवरून जातात, बिचाऱ्याला नाही म्हणता येईना.

काम साधं आहे. तू भंगारातून एकेक तुकडा जमवून उभा केलेला तो जुना कॉम्प्युटर मी माळ्यावरून खाली काढलाय. पुसला, झाडला, लावला. खोकल्यासारखा आवाज करतो, पण सुरू होतो. पडदा उजळतो, टायपिंग होतं, पत्ते खेळता येतात. फक्त तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम लागत नाही. 'थ्री-डी कार्ड सापडलं नाही' असं लिहून येतं. सापडेल कुठून? जाताना तूच ते स्क्रू काढून खिशात घालून नेलंस. मागची ती फट अजून तशीच उघडी आहे, आत बोटभर धूळ होती.

तर मला तसं कार्ड हवंय. स्टेशनामागच्या गल्लीत जुन्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. मालक गळ्यात वायरींचे वेटोळे घालून बसतात, म्हणून मी त्यांना वायरवाले काका म्हणते. त्यांच्याकडे एक खोकंभर कार्डं आहेत आणि प्रत्येक कार्ड त्यांच्या मते उत्तम आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठलं घेऊ, ते तेवढं कळव.

कशाला हवंय हे विचारू नकोस. मला या वयात छंद लागलाय असं समज. बाकी सगळं ठीक. बाबा ठीक आहेत, जेवतात, भांडतात.

ताई


१९ जानेवारी

धाकट्या,

चिठ्ठी मिळाली. इतक्या वर्षांनी सख्खा भाऊ लिहितो, आणि काय लिहितो? मदरबोर्डवर खाचा कुठल्या रंगाच्या? आधीचं साधं कार्ड आहे का? दोन कार्डांना जोडणारी छोटी केबल आहे का? गेम तोच आहे ना? कशी आहेस, मेलीस की जिवंत आहेस, काही नाही. आमच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा गोळ्या मागायच्या आधी 'काय म्हणता' एवढं म्हणतात.

तर घे उत्तरं. खाचा पांढऱ्या, आखूड. तपकिरी एकही नाही. साधं कार्ड जागेवर आहे, त्यावरच तर पडदा उजळतो. केबल मागे लोंबकळत होती. कार्ड नेलंस आणि केबल ठेवून गेलास, म्हणजे रागातही तुझं धड लक्ष नव्हतं. गेम तोच. घाटाचा रस्ता, लोखंडी पूल, आणि सुरुवातीला घसा बसलेला तो माणूस तीन-दोन-एक म्हणतो तोच.

आता खरं सांगते. तुझ्या चिठ्ठीची वाट न बघता मी कार्ड घेऊन टाकलं. काका म्हणाले, "ताई, पहिल्या पिढीचं कशाला शोधताय? ही दुसरी पिढी. तेच घराणं, दुप्पट ताकद. नव्याच्या पुढे जुनं टिकतं का?" मलाही पटलं. औषधातही पाचशेची गोळी अडीचशेपेक्षा जास्तच काम करते. घरी आणून बसवलं. सोबतच्या नमुन्यात एक रंगीत चेंडू गरगर फिरला, अगदी सुरेख. मग आपला गेम लावला, तर पुन्हा तेच. सापडलं नाही. अरे, समोर बसलंय, सापडत कसं नाही? काकांकडे परत गेले. आधी म्हणाले असं होतच नाही, मग म्हणाले असं होतं कधीकधी.

आणि छंदबिंद काही नाही. कॉम्प्युटर बाबांनीच काढायला लावला. स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "माळ्यावरचं ते यंत्र काढ आणि त्यात चांगलं कार्ड बसव." मी शिडीवर उभी होते, पडायचीच बाकी राहिले. ज्या वस्तूचं नाव या घरात काढायची सोय नव्हती, ती हा माणूस स्वतः मागतोय.

कशाला, ते पुढच्या पत्रात. आज दुकानात माल यायचाय. बाबा ठीकच आहेत. डाव्या खांद्यावर एक काळानिळा डाग आहे, तो दाराच्या चौकटीचा. त्यांच्या मते सुताराने चौकट अरुंद केलीय. चौकट आपल्या जन्माच्या आधीची आहे, पण सुतारावर त्यांचा राग नवा आहे. चहा ओतताना थोडा बाहेर जातो. शेजारच्यांची स्कूटर म्हणे अचानक कुठून तरी उगवते. तेवढंच.

ताई


६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या चिठ्ठीत पहिल्या ओळींत होतं की हा गेम फक्त पहिल्या पिढीचं कार्ड ओळखतो, दुसऱ्या पिढीचं कितीही ताकदीचं असलं तरी त्याला दारात उभं करत नाही. ते समजलं. मग अगदी खाली, कोपऱ्यात, 'बाबांचं काय?' तेवढं विचारायला तुला आधी अर्धं पान कार्डावर लिहावं लागलं. असू दे. आपल्या घरात सगळे एकाच मुशीतले.

तर बाबांचं असं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, आणि तो आजचा नाही. बाजूचं दिसणं गेलंय, डावीकडचं जास्त. मधलं शाबूत आहे, म्हणून पेपर वाचतात, भिंतीवरचं घड्याळ वाचतात आणि डॉक्टरांच्या फलकावरची शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही, पण ऑपरेशन केलं तर उरलंय ते राहील. नाही केलं तर वर्षभरात मधलंही जाईल. आणि हा माणूस सही करत नाही. डोळ्याला काही झालेलंच नाही, तर कापायचा कशाला, असं म्हणतात.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला एकदा हे सगळं सरळ मांडू दे. तू त्यांच्या शेजारी बसून ती शर्यत बघायचास. उजवीकडून येणारी गाडी ते लीलया चुकवायचे. शेवटी आयुष्य बस चालवण्यात गेलेलं. पण डावीकडून आली की धडकलेच. प्रत्येक वेळी. तू म्हणालास, बाबा, डोळे दाखवा. ते म्हणाले, "डोळे कसले दाखवू, तुझं कार्डच भिकार आहे. अर्धं चित्र काढतं." तू कार्ड तपासलंस, पुसलंस, दुसऱ्या खाचेत घालून बघितलंस. आणि मग एक दिवस त्यांना न सांगता डेपोच्या डॉक्टरांकडे गेलास.

आठवड्याच्या आत त्यांना बसवरून उतरवून हजेरीच्या खिडकीत बसवलं. सगळ्या डेपोत त्यांनी सांगितलं, की पोराने एका पोरखेळावरून बापाच्या हातातलं स्टिअरिंग काढलं. तुला घरभेद्या म्हणाले. तू कार्ड काढून घेऊन निघून गेलास, आणि त्यांनी डोळ्यांत घालायचे थेंब कपाटात ठेवून दिले. थेंब घातले असते तर डॉक्टर खरे ठरले असते ना! मी औषधं विकते. ती बाटली किती दिवसांत संपते ते मला झोपेतही सांगता येईल. बाबांची बाटली संपतच नाही. मी नवी आणते आणि जुनी अर्धी भरलेली फेकते. बोलून बोलून माझं तोंड दुखलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तू बरोबर होतास, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण बापाला न सांगता परक्या माणसाला सांगितलंस, ते मला अजून पटत नाही. बसमध्ये माणसं असायची, हेही मला कळतं. दोन्ही कळतं, म्हणून मी कुणाच्याच बाजूची राहिले नाही, आणि दोघांनीही माझ्याशी बोलणं कमी केलं.

डिसेंबरात डॉक्टरीणबाईंनी जरा जोरात सांगितलं. तेव्हा हे ताठ बसले आणि म्हणाले, "माझ्या घरात एक यंत्र आहे. त्यात चांगलं कार्ड बसवा. चित्र पूर्ण आलं, आणि तरी मला डावीकडची गाडी दिसली नाही, तर लगेच सही करतो." बाई हसल्या. मला हसू आलं नाही. हा माणूस शब्द फिरवत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी बाजारात कार्डं हुडकत फिरतेय.

आता तिसऱ्या कार्डाचं ऐक. काकांनी एक असं दिलं, की साधं आणि थ्री-डी दोन्ही एकातच, आणि पुढच्या गल्लीतल्या कुणाकडून एक फाइल आणून गेमला फसवायची व्यवस्था केली. गेम लागला! मला इतका आनंद झाला, की मी बाबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. पण चित्र म्हणजे नुसती दैना. झाडांच्या जागी पांढरे चौकोन, पुलाला मध्येच भोक, गाड्या दिसतात आणि नाहीशा होतात. बाबा धडकले आणि टाळी वाजवून म्हणाले, "बघ! आहे का गाडी? कार्डच काढत नाही, मी काय करू?" आणि खरंच, मलाही गाडी दिसली नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर इथे अंगण खरोखरच वाकडं निघालं. दोन दिवस स्वारी खुशीत होती. सुताराला शिव्या द्यायचंसुद्धा विसरले.

म्हणजे चुकीचं कार्ड आणून मी त्यांनाच पुरावा दिला. आता त्यांना बोलायला जागा राहणार नाही असंच कार्ड हवं. पहिल्या पिढीचं, धडधाकट. काकांकडे होती ती दोन्ही मेलेली. त्यांनी सगळीकडे फोन लावले. नाही मिळालं.

तुझ्याकडे आहे. ते तू फेकलं नसशील. तू गंजलेला स्क्रूसुद्धा डबीत ठेवणारा माणूस. ते पाठव.

मला भीती वाटते, धाकट्या. ते आंधळे होतील याची वाटते, आणि आंधळे होऊनही कार्डालाच दोष देत बसतील याची जास्त वाटते. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

ताई


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

पार्सल मिळालं. फोमच्या तीन घड्या, त्यात प्लास्टिकची पिशवी, त्यात कार्ड, आणि कार्डाला धुळीचा कण नाही. सोबत तुझा कागद. आधी वीज बंद कर, मग लोखंडाला हात लाव, मग कार्डाला. सोनेरी कडेला बोट लावू नकोस. केबल साध्या कार्डातून निघते आणि या कार्डात जाते, पडद्याची वायर या कार्डाला. आणि शेवटी, 'कुणाचं आहे ते बाबांना सांगू नकोस.'

रविवारी दुपारी बसवलं. केबल उलटी लावली, पडदा काळा. बाबा मागून म्हणाले, "मेलं वाटतं हेही," आणि आवाजात काही फारसं दुःख नव्हतं. मी तुझा कागद पुन्हा वाचला, केबल सुलट केली. गेम सुरू होताना आतून 'टक्' असा आवाज आला. बाबा खुर्चीत एकदम सरळ झाले. तो आवाज त्यांना ओळखू आला असणार. विचारलं, "हे कुठलं?" मी म्हटलं, "बाजारातलं सगळ्यात चांगलं. याच्यावर बोलायचं नाही." कधी नव्हे ते खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

मग त्यांनी तयारी केली. पडदा स्वतः पुसला. चष्मा धुऊन आणला. उजेड येतो म्हणून खिडकी ओढून घेतली. खुर्ची बरोबर मधोमध ठेवली आणि मला म्हणाले, "तू डावीकडे बस आणि चित्र नीट येतंय की नाही ते बघत राहा. झाडं पूर्ण आहेत का?" पूर्ण आहेत. "पुलाला भोक?" नाही. "लबाडी करू नकोस." बाबा, तुमची शपथ, एक चौकोनही नाही. हरायची एकही सबब त्यांनी शिल्लक ठेवली नाही. एकेक करून स्वतःच्या हाताने काढून टाकली. या माणसाचा मला कितीही राग येवो, हे मात्र मानलं.

चित्र सुंदर होतं, धाकट्या. घाटावर धुकं होतं, ते मी तेव्हा कधी बघितलंच नव्हतं. मला वाटायचं तुम्ही दोघं पोरकटपणा करताय.

शर्यत सुरू झाली. अजूनही काय चालवतात! वळणावर गाडी अशी काढतात, की बघणाऱ्याने मान डोलवावी. उजवीकडून दोन आल्या, दोन्ही चुकवल्या. पुलाच्या अलीकडे डावीकडून एक लाल गाडी यायला लागली. मला ती चांगली लांबून दिसत होती. मी ओठ दाबून बसले. बाबा सरळ तिच्या अंगावर.

धडकल्याबरोबर त्यांनी खेळ थांबवला. चित्र जागच्या जागी उभं राहिलं. मला वाटलं, आता म्हणतील गाडी नव्हतीच. पण त्यांनी विचारलं, "आत्ता आहे तिथे गाडी?"

"आहे."

"कुठे?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. त्यांनी समोर रस्त्याकडे बघितलं. म्हणाले, "इथे रस्ता आहे." मग मान डावीकडे वळवली. गाडी दिसली. लाल, दोन दिवे, नंबरसकट. मान सरळ केली. पुन्हा नुसता रस्ता. वळवली, गाडी. सरळ केली, रस्ता. असं ते कितीतरी वेळ करत बसले. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, की काचबिंदूवाल्याला काळा डाग दिसत नाही, दिसत नाही तिथला रस्ता मन आपलंआपणच भरून काढतं. तेव्हा ते नुसते शब्द होते. आता माझ्या शेजारी बसून माझा बाप मान हलवत होता आणि गाडी होती की नव्हती ते बघत होता. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. त्यांना आवडलं नसतं.

शेवटी म्हणाले, "बसमध्येही असंच असेल."

"सायकलवाले असतात डाव्या अंगाला. बाया पोरांना घेऊन उभ्या असतात." मग म्हणाले, "हे कार्ड आमच्या वेळी असतं तर..." आणि इथे मला राहवलं नाही. तुझं ऐकायला हवं होतं, पण नाही ऐकलं. मी म्हटलं, "बाबा, हे धाकट्याचं आहे. त्याच वेळचं. तेच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडेच बघत होते. मग उठले, चौकटीला हात लावून, खांदा सांभाळून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले. आणि दारातूनच म्हणाले, "लिही त्याला. म्हणावं, कार्ड चांगलं होतं."

मी म्हटलं, "एवढंच लिहू?"

"तेव्हाही चांगलं होतं. लिही."

त्यांच्या तोंडून याहून जास्त येणार नाही. तू आणखी कशाची वाट बघत असशील, तर ती सोड. माफी वगैरे शब्द या माणसाला पाठ नाहीत. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि बरं वाटल्यावर भाजी टाकली.

सोमवारी दवाखान्यात जाऊन सही केली. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी, सकाळी आठला दाखल करायचंय. एक रात्र तिथे राहावं लागेल. नर्सने विचारलं, सोबत कोण थांबणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मुलगा."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मुलगा येणार की नाही, ते तिला अजून मी सांगितलेलं नाही.

ताई